ग्राफिकल प्रोग्रामलाही क्लास हवेत, पण वायरीच्या नियमाने

'कोडिंग यायची गरज नाही, नुसते ब्लॉक जोडा' या वाक्यावर ग्राफिकल प्रोग्रामिंगच्या भाषा वर्षानुवर्षं विकल्या जात आहेत. त्यांचं सर्वांत मोठं नुकसानही याच वाक्याने केलं आहे. ब्लॉक जोडणारा माणूस प्रोग्राम लिहीतच नाही असं एकदा ठरलं, की त्याला प्रोग्रामची रचना शिकवायचं कारण उरत नाही. मग तो चित्र वाढवत नेतो. दोन वर्षांनी ते चित्र चार स्क्रीन रुंद होतं, केस स्ट्रक्चरच्या ('असं असेल तर हे कर' अशा चौकटीच्या) आत केस स्ट्रक्चर येतं आणि कुठली वायर कुठून आली हे शोधायला माऊस धरून आडवं सरकत राहावं लागतं. हा दोष ग्राफिकल भाषेवर ढकलला जातो. प्रत्यक्षात तो शिकवण्याचा दोष आहे.

आमचं म्हणणं असं: ज्या ग्राफिकल प्रोग्रामला वर्षानुवर्षं चालायचं आहे, त्याला क्लास (डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडलेली वस्तू) लागतातच. मात्र डेटाफ्लो भाषेत, म्हणजे वायरीवरून डेटा पोचेल तसा प्रोग्राम पुढे सरकतो अशा भाषेत, ऑब्जेक्ट हा वायरीवरून जाणारं मूल्य म्हणूनच वापरला पाहिजे. सी++ किंवा जावातून शिकलेली रेफरन्सची, म्हणजे मूल्याऐवजी त्याचा पत्ता फिरवण्याची, सवय तिथे जशीच्या तशी नेली, तर दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

हे तपासायला लॅबव्ह्यूइतकं चांगलं उदाहरण नाही. ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने ही भाषा १९८६ मध्ये मॅकिंटॉशवर आणली. २०२३ मध्ये ती कंपनी इमर्सनच्या ताब्यात गेली. भाषेचा मूळ नियम साधा आहे: एखाद्या नोडच्या (आकृतीतल्या ब्लॉकच्या) सगळ्या इनपुटवर डेटा पोचला की तो नोड चालतो आणि आपला निकाल पुढच्या वायरीवर ठेवतो. ओळींचा क्रम नाही, वायरींनी ठरवलेला क्रम आहे. दोन नोड एकमेकांना जोडलेले नसतील तर ते समांतर चालू शकतात, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही. या भाषेत स्वतःचे क्लास आले ते २००६ मध्ये, ८.२० आवृत्तीत. त्याआधी बाहेरची टूलकिट होती आणि त्यांतला ऑब्जेक्ट म्हणजे कुठेतरी ठेवलेल्या डेटाचा रेफरन्स असे. ८.२० ने वेगळा निर्णय घेतला. क्लासच्या वायरीवरून सगळा ऑब्जेक्टच जाईल, अंकाच्या वायरीवरून जसा अंक जातो तसा. ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर नाही, नष्ट करणारा डिस्ट्रक्टर नाही. क्लास ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे प्रोग्रामच्या आकृतीत, टाकला की त्याचं डिफॉल्ट मूल्य मिळतं, तिथून वायर सुरू होते आणि वायर संपली की ऑब्जेक्टही संपतो.

त्या वेळी या निर्णयावर बरीच टीका झाली, आजही होते. तो निर्णय बरोबर होता असं आम्हाला वाटतं आणि त्याची कारणं प्रत्यक्ष कामातच दिसतात.

मोटारीच्या सुट्या भागांची शेवटची चाचणी करणारं एक स्टेशन घ्या. त्यात प्रोग्रामेबल वीजपुरवठा आहे. तो उघडायचा, व्होल्टेज लावायचं, करंटची मर्यादा लावायची, आउटपुट चालू-बंद करायचं, करंट वाचायचा, एरर तपासायची, बंद करायचा: सात कामं. तीन मॉडेल आहेत आणि प्रत्येकाच्या कमांडची वाक्यरचना थोडी वेगळी आहे. नेहमीची पद्धत म्हणजे एक इनम (ठराविक नावांची यादी) करायचा, तो क्लस्टरमध्ये (अनेक मूल्यांच्या गठ्ठ्यात) टाकायचा आणि सातही सबव्हीआयमध्ये (लॅबव्ह्यूतला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे व्हीआय, दुसऱ्यातून बोलावलेला तो सबव्हीआय) त्या इनमवर केस स्ट्रक्चर लावायचं. पहिल्या दिवशी हे सुटसुटीत दिसतं. जुनं मॉडेल बाजारातून गेलं आणि चौथं आलं, की सातही व्हीआय उघडावे लागतात. प्रत्येकात नवी केस घालायची. आधीच्या तीन मॉडेलांचं काही बिघडलं नाही ना, हे पुन्हा तपासायचं, कारण ज्या फाइलवर ती तीन मॉडेलं चालतात तीच फाइल बदलली आहे. गुणवत्ता विभागाला असं स्टेशन पुन्हा मान्य करून घेणं म्हणजे लाइन थांबवून केलेलं काम असतं. शिवाय एखाद्या व्हीआयमध्ये केस घालायची राहिली आणि तिथे जुनी केस डिफॉल्ट असेल, तर नव्या यंत्राला जुनी कमांड जाते.

क्लास वापरला तर रचना अशी होते. 'वीजपुरवठा' हा पेरेंट (मूळ) क्लास, त्यात सात मेथड (क्लासची कामं करणारे व्हीआय), सातही डायनॅमिक डिस्पॅच, म्हणजे कोणत्या क्लासची मेथड चालवायची ते वायरीवरच्या ऑब्जेक्टवरून चालताना ठरतं. प्रत्येक मॉडेलचा एक चाइल्ड (पेरेंटवरून वाढवलेला) क्लास, स्वतःच्या फोल्डरमध्ये. वेगळा फोल्डर इथे शिस्तीपुरता नसतो. ओव्हरराइड करणाऱ्या, म्हणजे पेरेंटच्या मेथडची जागा घेणाऱ्या, व्हीआयचं नाव पेरेंटमधल्या व्हीआयसारखंच असावं लागतं आणि एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइल राहत नाहीत. कनेक्टर पेनही (व्हीआयला वायरी जोडायच्या जागांचा नकाशा) तसाच हवा: तोच नमुना, तीच टर्मिनलं, रिक्वायर्ड-रेकमेंडेडचं तेच सेटिंग. एक टर्मिनल हललं तरी रन बाण तुटतो, म्हणजे प्रोग्राम चालत नाही. म्हणून सुरुवातीलाच ४-२-२-४ चा नमुना घ्यावा, ऑब्जेक्ट वरच्या दोन कोपऱ्यांत आणि एरर खालच्या दोन कोपऱ्यांत ठेवावी आणि मधली टर्मिनलं रिकामी राहू द्यावीत. सहा महिन्यांनी एक इनपुट वाढवायचं झालं तर जागा असते.

चौथं मॉडेल आलं की चौथा फोल्डर तयार करायचा. आधीच्या तीन फोल्डरांना हात लागत नाही आणि तो लागला नाही हे दाखवताही येतं. अट एकच आहे, प्रोजेक्टच्या गुणधर्मांत 'कंपाइल्ड कोड सोर्सपासून वेगळा' हे चालू हवं. ते बंद असेल तर नुसत्या पुन्हा कंपाइल होण्यानेही व्हीआयची फाइल बदलते आणि गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) न शिवलेल्या पन्नास फाइल 'बदललेल्या' दिसतात. मग कोणत्या फाइलला खरोखर हात लावला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि क्लास वापरण्याचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा हातचा जातो.

आणखी एक चाइल्ड क्लास पहिल्या आठवड्यातच करावा: सिम्युलेशनचा. त्यात व्हिसा सेशन, म्हणजे खऱ्या यंत्राशी संपर्क, उघडत नाही. 'करंट वाच' म्हटलं की तो ठरवलेल्या मर्यादेतली संख्या देतो, आणि सांगितलं तर मुद्दाम चुकीची संख्या किंवा टाइमआउटची एरर देतो. यंत्रं कारखान्यात अडकलेली असताना चाचणीचा क्रम टेबलावर तपासता येतो. प्रत्यक्ष यंत्रावर कधीतरीच दिसणारी एरर हवी तेव्हा काढता येते. इनम आणि केसच्या रचनेतही हे करता येतं, पण तिथे सिम्युलेशनच्या केस खऱ्या कोडच्या शेजारीच बसतात आणि एक दिवस चुकून तशाच लाइनवर जातात. क्लास असेल तर तो बिल्डमधून, म्हणजे लाइनवर जाणाऱ्या तयार प्रोग्राममधून, वगळून टाकता येतो.

आता मूल्याची गोष्ट. लॅबव्ह्यूत वायरीला फाटा फोडला की दोन स्वतंत्र मूल्यं होतात. अंकाच्या बाबतीत हे कुणाला खटकत नाही. ऑब्जेक्टच्या बाबतीत जावातून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ठेच लागते. वायर दोन लूपमध्ये नेली, एका लूपने ऑब्जेक्टमधला वाचनांचा काउंटर वाढवला आणि दुसऱ्या लूपला तो शून्यच दिसला, की त्याला ही भाषेतली त्रुटी वाटते. वास्तविक याच नियमामुळे दोन समांतर लूप एकमेकांचा डेटा बिघडवू शकत नाहीत. ज्या भाषेत समांतर चालणं हा अपवाद आहे तिथे रेफरन्स परवडतो. लॅबव्ह्यूत समांतर चालणं हा नियम आहे. तिथे प्रत्येक ऑब्जेक्ट रेफरन्स असता, तर प्रत्येक आकृतीत लॉकचा (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणाऱ्या कुलुपाचा) विचार करावा लागला असता, आणि ब्लॉक जोडणाऱ्या नव्या माणसाला तो कोणी शिकवला असता?

एक गुंता मात्र इथे आहे. ऑब्जेक्ट मूल्य असला तरी त्याच्या आत ठेवलेला व्हिसा सेशन रेफरन्सच असतो. वायर फोडली की ऑब्जेक्टच्या प्रती दोन होतात आणि त्या दोघींच्या हातात यंत्र एकच राहतं. एका लूपने करंटची क्वेरी पाठवली आणि उत्तर वाचायच्या आत दुसऱ्या लूपने व्होल्टेजची क्वेरी पाठवली, की यंत्र पहिलं उत्तर टाकून देतं आणि एरर क्यूमध्ये (चुकांच्या रांगेत) उणे ४१०, म्हणजे 'क्वेरी इंटरप्टेड', नोंदवतं. पहिला लूप मग दुसऱ्याचं उत्तर उचलतो किंवा टाइमआउटपर्यंत ताटकळतो. करंटच्या जागी १२.०१ असा आकडा दिसला तर हेच झालेलं असण्याची शक्यता दाट. अशा वेळी लोक वाचनाआधी ५० मिलिसेकंद थांबण्याचा ब्लॉक टाकतात. त्याने एरर विरळ होते, जात नाही.

यावरचा उपाय मालकीचा आहे. एका यंत्राचा ऑब्जेक्ट एकाच लूपच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये (एका फेरीचं मूल्य पुढच्या फेरीत नेणाऱ्या जागेत) राहील. बाकीच्यांना काही हवं असेल तर त्यांनी त्या लूपला क्यूतून निरोप पाठवावा आणि उत्तर घ्यावं. वायर कुठेही फुटत नाही, म्हणून आकृती बघूनच मालक कोण ते कळतं. क्लासच्या वायरीला वेगळा रंग आणि जाडी देता येते, ती सोय इथे जरूर वापरावी. पुरवठ्याची वायर लाल आणि मल्टिमीटरची हिरवी असेल तर कागदावर छापलेल्या आकृतीतही ती फुटली आहे की नाही हे बोटाने माग काढत बघता येतं.

२००९ च्या आवृत्तीपासून डेटा व्हॅल्यू रेफरन्स, म्हणजे मूल्याचाच रेफरन्स, मिळतो, आणि ज्यांना ऑब्जेक्ट रेफरन्सनेच हवा त्यांनी तो लगेच सगळीकडे वापरायला घेतला. त्याचे योग्य उपयोग आहेत. शेकडो मेगाबाइटचा वेव्हफॉर्म बफर अनेक ठिकाणी लागतो, प्रत परवडत नाही, तिथे तो वापरावा. क्लासच्या खाजगी डेटात त्याच क्लासचा ऑब्जेक्ट ठेवता येत नाही, त्यामुळे झाडासारखी रचना करताना तो उपयोगी पडतो. पण इन प्लेस एलिमेंट स्ट्रक्चरच्या (प्रत न काढता डेटा बदलणाऱ्या) चौकटीत शिरलं की तो डेटा लॉक होतो आणि चौकट संपेपर्यंत बाकी सगळे थांबतात. त्या चौकटीत कोणी यंत्राचं वाचन ठेवलं आणि यंत्राने पाच सेकंदांचा टाइमआउट घेतला, तर स्क्रीन ताजा करणारा लूपही पाच सेकंद गोठतो. दोन रेफरन्स असतील आणि एक लूप आधी पहिला मग दुसरा, दुसरा लूप आधी दुसरा मग पहिला असा लॉक घेत असेल, तर कधीतरी दोघेही कायमचे थांबतात. एरर येत नाही, कारण एरर देण्यासाठी कोणीतरी पुढे सरकावं लागतं. रेफरन्स हवाच असेल तर क्लासच्या गुणधर्मांतून तो फक्त क्लासच्या स्वतःच्या व्हीआयनाच बनवता येईल असं बंधन घालावं आणि चौकटी मेथडच्या आतच ठेवाव्यात. बाहेरच्या आकृतीत ती चौकट दिसली की रचना हातातून सुटत चालली आहे असं समजावं.

मूल्याच्या पद्धतीचीही स्वतःची एक वाईट बाजू आहे. ती फार कमी शिकवली जाते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. लॅबव्ह्यूत 'रिकामा' ऑब्जेक्ट नसतो. वायरीवर नेहमी काहीतरी असतं, निदान डिफॉल्ट ऑब्जेक्ट तरी. समजा पुरवठ्याची वायर एका फॉर लूपमधून जाते आहे आणि बाहेर पडताना शिफ्ट रजिस्टरऐवजी साधं टनेल (चौकटीतून वायर बाहेर काढणारं दार) लावलं आहे. लूप दहा वेळा फिरला तर सगळं ठीक. ज्या दिवशी चाचण्यांची यादी रिकामी येते आणि लूप शून्य वेळा फिरतो, त्या दिवशी टनेलमधून डिफॉल्ट ऑब्जेक्ट बाहेर पडतो. केस स्ट्रक्चरच्या टनेलवर 'वायर नसल्यास डिफॉल्ट वापरा' हे चालू ठेवलं तरी तेच होतं. वायर पेरेंट क्लासची असल्यामुळे हा डिफॉल्ट ऑब्जेक्ट पेरेंटचा असतो. आत व्हिसा सेशन नाही, मॉडेल नाही. पुढे 'व्होल्टेज लाव' ही मेथड आली की डायनॅमिक डिस्पॅच प्रामाणिकपणे पेरेंटची मेथड चालवतो. आणि पेरेंटची मेथड बहुतेकांनी रिकामी ठेवलेली असते: एरर आत, एरर बाहेर. व्होल्टेज लागत नाही, एरर येत नाही, करंटचं वाचन ० येतं. चाचणी 'करंट ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असावा' अशी असेल तर भाग पास होतो.

भाषेचा कंपायलर इथे अर्धीच मदत करतो. डायनॅमिक डिस्पॅच मेथडच्या आत, डायनॅमिक इनपुटपासून डायनॅमिक आउटपुटपर्यंत वायर अखंड पोचते का, हे तो तपासतो आणि मध्ये असं टनेल आलं तर व्हीआय तुटलेला दाखवतो. मेथडला बोलावणाऱ्या साध्या व्हीआयमध्ये तो काहीच म्हणत नाही. म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. लूपमधून जाणारी क्लासची प्रत्येक वायर शिफ्ट रजिस्टरमधून न्यावी. क्लासच्या वायरीच्या टनेलवर 'डिफॉल्ट वापरा' कधीही चालू ठेवू नये. आणि पेरेंटच्या मेथडमध्ये रिकामी आकृती न ठेवता स्वतःचा एरर क्रमांक देणारी एरर ठेवावी: 'ही मेथड पेरेंटवर चालली, खरा ऑब्जेक्ट हरवला आहे'. क्लासच्या गुणधर्मांत 'ओव्हरराइड केलंच पाहिजे' असा पर्याय आहे, पण तो चाइल्डना बांधतो. पेरेंटचा ऑब्जेक्ट वायरीवर येणं त्याने थांबत नाही.

गेम बनवण्याच्या अनरियल इंजिनमधल्या ब्लूप्रिंट या ग्राफिकल भाषेशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होतं. तिथे ऑब्जेक्ट रेफरन्सच असतो आणि चालण्याचा क्रम डेटाच्या वायरीऐवजी पांढऱ्या एक्झिक्यूशन वायरीने ठरतो. रेफरन्स कुठेच बोट दाखवत नसेल तर 'ॲक्सेस्ड नन' अशी रनटाइम एरर लॉगमध्ये येते. ही एरर नव्यांना छळते, पण चूक लपत नाही. याबाबतीत ब्लूप्रिंट लॅबव्ह्यूपेक्षा सरस आहे आणि ते मोकळेपणी मान्य करायला हवं. दुसऱ्या बाजूने, ब्लूप्रिंटमध्ये स्ट्रक्ट (मूल्यांचा गठ्ठा) हे मूल्य आहे आणि ऑब्जेक्ट रेफरन्स आहे, त्यामुळे ॲरेतून (यादीतून) घटक काढणाऱ्या नोडचे 'कॉपी देणारा' आणि 'रेफ देणारा' असे दोन प्रकार ठेवावे लागले. कॉपीवर बदल करून तो ॲरेत का उमटत नाही हे शोधण्यात नव्यांचा बराच वेळ जातो. लॅबव्ह्यूत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे नियम एकच आहे.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. ग्राफिकल भाषेचं वचनच असं, की जे चालतं ते डोळ्यांना दिसतं. डायनॅमिक डिस्पॅच ते वचन मोडतो. आकृतीत 'व्होल्टेज लाव' असा एक नोड दिसतो, त्यावर डबल-क्लिक केलं की एक खिडकी उघडते आणि चार क्लासपैकी कोणाची आकृती बघायची ते विचारते. रात्रपाळीत लाइन थांबलेली असताना देखभालीच्या माणसाने काय निवडायचं? हा आक्षेप खरा आहे. केस स्ट्रक्चरमध्ये निदान चारही शक्यता एका जागी असतात. पण त्याला उत्तरही भाषेतच आहे: क्लासच्या वायरीवर प्रोब (चालताना वायरीवरचं मूल्य दाखवणारी खिडकी) लावला की त्या क्षणी वायरीवर कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट आहे त्याचं नाव दिसतं. नाव कळलं की कोणती आकृती उघडायची हेही कळतं. डीबगिंग चालू न ठेवता बांधलेल्या एक्झीवर (स्टेशनवर चालणाऱ्या तयार प्रोग्रामवर) प्रोब लावता येत नाही, म्हणून प्रत्येक यंत्र उघडताना त्याच्या क्लासचं नाव आणि यंत्राने दिलेली ओळख लॉग फाइलमध्ये एका ओळीत लिहावी आणि स्टेशनच्या स्क्रीनवरही दाखवावी. एवढं केलं तर देखभालीच्या माणसाची अडचण बरीच सुटते. हे केलं नाही, तर आक्षेप घेणाऱ्यांचीच बाजू बरोबर ठरते.

त्याच कारणाने सगळीकडे क्लास हवेत असंही आम्ही म्हणत नाही. एकच यंत्र, वीस व्हीआय, सहा महिन्यांत संपणारा प्रयोग: तिथे टाइपडेफ केलेला (एकाच जागी व्याख्या असलेला) क्लस्टर आणि एक नीट स्टेट मशीन (टप्प्याटप्प्याने चालणारी रचना) पुरे. एकाच गोष्टीचे दोन प्रकार समोर आले, किंवा प्रोग्राम लिहिणारा आणि सांभाळणारा माणूस वेगळा असणार हे ठरलं, की क्लासची वेळ झाली.

अतिरेकही दिसतो. 'वीजपुरवठा', त्याखाली 'डीसी वीजपुरवठा', त्याखाली 'प्रोग्रामेबल', त्याखाली कंपनी, त्याखाली मॉडेल अशी पाच मजली उतरंड. चाइल्डला पेरेंटच्या खाजगी डेटाला हात लावता येत नाही, तो वाचणारे-लिहिणारे ॲक्सेसर व्हीआय करावे लागतात, म्हणजे पाच मजल्यांवर ॲक्सेसरांचे ढीग. दोन मजले बहुतेक कामांना पुरतात, तिसरा मागताना कारण लिहून द्यावं. 'मोजमापही करतो आणि पुरवठाही करतो' अशा यंत्रासाठी पूर्वी उतरंड वाकवावी लागे. २०२० च्या आवृत्तीत इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढंच ठरवणारे करार) आले आणि एका क्लासला एक पेरेंट व अनेक इंटरफेस घेता येऊ लागले. तरीही जुन्याच पद्धतीने शिकवणं चालू आहे. २०१२ पासून लॅबव्ह्यूबरोबर येणाऱ्या ॲक्टर फ्रेमवर्कमध्ये प्रत्येक निरोपाचा स्वतंत्र क्लास असतो. चाळीस निरोप म्हणजे चाळीस क्लास. मोठ्या, अनेक समांतर भागांच्या प्रणालीत ते वजन पेलावं लागतं, पण तीन लूपच्या स्टेशनला ते कशाला?

क्लास वाढले की संपादनही जड होतं. एका क्लासचा एक व्हीआय मेमरीत आला की तो अख्खा क्लास, त्याचे सगळे पेरेंट आणि त्यांना लागणारं सगळं आत येतं. मल्टिमीटरच्या क्लासने सोयीसाठी पुरवठ्याचा एक छोटा व्हीआय वापरला, की दोन्ही क्लास कायमचे एकमेकांना चिकटले. असे दुवे कापण्याचं काम सुरुवातीला दहा मिनिटांचं असतं. ब्लूप्रिंटमध्येही हाच त्रास 'कास्ट' नोडने (ऑब्जेक्ट अमुक क्लासचा आहे का ते बघणाऱ्या) होतो: ज्या क्लासमध्ये कास्ट केलं तो आणि त्याचे सगळे ॲसेट (चित्रं, आवाज वगैरे) मेमरीत ओढले जातात. तिथलाही उपाय इंटरफेसच आहे.

बिल्ड करताना आणखी दोन गोष्टी चुकतात. क्लास डिस्कवरच्या पाथवरून लोड होत असतील तर आकृतीत त्यांचा थेट उल्लेख नसतो, त्यामुळे बिल्डर त्यांना एक्झीत घेत नाही. डेव्हलपमेंट मशीनवर सगळं चालतं आणि स्टेशनवर क्लास सापडत नाही. ते 'नेहमी समाविष्ट' यादीत टाकावेत किंवा वेगळ्या पॅक्ड लायब्ररीत बांधावेत. दुसरी गोष्ट रीएंट्रन्सीची, म्हणजे एकच व्हीआय एका वेळी अनेक ठिकाणी चालू शकण्याची. 'करंट वाच' हा व्हीआय नॉन-रीएंट्रंट राहिला आणि एकाच मॉडेलचे दोन पुरवठे दोन लूपमध्ये असतील, तर एकाचं वाचन संपेपर्यंत दुसरा थांबतो. एका स्टेशनवर यंत्र अडकलं की शेजारच्या स्टेशनचा सायकल टाइम वाढतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. डायनॅमिक डिस्पॅच मेथड शेअर्ड क्लोन रीएंट्रंट ठेवावी. पेरेंट आणि चाइल्ड दोघांचं हे सेटिंग जुळावं लागतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी ठरवावं.

पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) जगात हाच वाद वेगळ्या रूपात चालू आहे. आयईसी ६११३१-३ या मानकाच्या २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत क्लास, मेथड आणि इंटरफेस आले. कोडेसिससारख्या प्रणालींत फंक्शन ब्लॉक दुसऱ्या फंक्शन ब्लॉकपासून वाढवता येतो आणि मेथडची आकृती लॅडर (शिडीसारखी दिसणारी आकृती) किंवा फंक्शन ब्लॉक डायग्राममध्ये काढता येते. इथे आम्ही अधिक सावध आहोत. सुरक्षेचे इंटरलॉक (धोका असताना यंत्र चालू न देणाऱ्या अटी) साध्या लॅडरमध्येच असावेत. कोणता संपर्क बंद झाला नाही, हे ऑनलाइन बघणाऱ्याला शिडीच्या एका पायरीवर दिसलं पाहिजे. पण साठ झडपा आणि तीस ड्राइव्ह असतील तर प्रत्येकीच्या त्याच त्याच पाच पायऱ्या काढत बसण्यापेक्षा एक फंक्शन ब्लॉक आणि त्याचे दोन वाढवलेले प्रकार केव्हाही चांगले. इंटरफेसच्या व्हेरिएबलला काही जोडलेलं नसताना मेथड बोलावली तर एक्सेप्शन येऊन कंट्रोलरवरचा प्रोग्राम थांबतो. म्हणून प्रत्येक बोलावण्याआधी तो शून्य नाही ना हे तपासावंच लागतं.

शाळेत मुलं ज्या स्क्रॅचवर शिकतात तिथे इनहेरिटन्स (पेरेंटकडून चाइल्डकडे येणारा वारसा) नाही. २०१३ च्या २.० आवृत्तीत क्लोन (स्प्राइटच्या, म्हणजे पडद्यावरच्या पात्राच्या, चालताना काढलेल्या प्रती) आले, एका वेळी ३०० पर्यंत, आणि क्लोनला 'फक्त या स्प्राइटसाठी' असलेल्या व्हेरिएबलची स्वतःची प्रत मिळते. ऑब्जेक्टची कल्पना समजवायला एवढं उत्तम आहे. पण स्प्राइट डुप्लिकेट केला की स्क्रिप्टचीही प्रत होते, आणि मग एक चूक सहा स्प्राइटमध्ये सहा वेळा दुरुस्त करावी लागते. बर्कली विद्यापीठाच्या स्नॅप या तशाच भाषेत एक स्प्राइट दुसऱ्याचा पेरेंट होऊ शकतो आणि पेरेंटची स्क्रिप्ट बदलली की चाइल्डची बदलते. सहावी-सातवीच्या मुलाला क्लोन आणि पेरेंट हा फरक हाताने करून कळतो, आठ-दहा वर्षांनी इंजिनिअरिंगच्या वर्गात तो व्याख्येने शिकवावा लागतो.

आपल्याकडे ही तफावत ठळक आहे. पुणे-चाकण, नाशिक, वाळूज या पट्ट्यांत सुट्या भागांचे कारखाने आहेत, त्यांच्या चाचणी स्टेशनांवर ग्राफिकल कोड चालतो आणि तो लिहिणारे बरेचसे इन्स्ट्रुमेंटेशन आणि इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर असतात. त्यांना लॅबव्ह्यू प्रयोगशाळेत भेटतं, थर्मोकपलचं वाचन आलेखावर दाखवण्यापुरतं. ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धत वेगळ्या विषयात भेटते, सी++ किंवा जावात, बँक खात्याच्या उदाहरणावर. या दोन गोष्टींची गाठ पडत नाही. चार तासांचं एक प्रात्यक्षिक ही गाठ घालू शकतं: एक पेरेंट, एक खऱ्या मल्टिमीटरचा चाइल्ड, एक सिम्युलेशनचा, वायर मुद्दाम फोडून काय होतं ते, आणि शून्य वेळा फिरणारा फॉर लूप. घरी सराव करायला २०२० पासून अव्यावसायिक वापरासाठी मोफत कम्युनिटी आवृत्ती आहे.

आणि जे कारखाने असा कोड विकत घेतात त्यांनी तो एक्झीसह न घेता सोर्ससह घ्यावा. खरेदीच्या कागदावर तीन अटी लिहाव्यात: प्रत्येक यंत्राचा सिम्युलेशन क्लास मिळेल, स्वीकृतीच्या दिवशी सगळी यंत्रं काढून टाकून पूर्ण चाचणीक्रम त्या क्लासवर चालवून दाखवला जाईल, आणि एका यंत्राचं दुसरं मॉडेल जोडताना आधीच्या किती फाइल बदलल्या हे गिटमध्ये उघडून दाखवलं जाईल.